देखरेखीखालच्या सुटकेत मैत्री कशी टिकते

अमेरिकेच्या संघीय तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक माणसांची शिक्षा तुरुंगाच्या फाटकाशी संपत नाही. फाटकाबाहेर शिक्षेचा दुसरा भाग सुरू होतो. तेथे त्याला ‘सुपरवाइज्ड रिलीज’ म्हणतात. आपण त्याला देखरेखीखालची सुटका म्हणू. माणूस घरी राहतो, कामावर जातो, मुलांना शाळेत सोडतो; पण ठरलेल्या मुदतीपर्यंत न्यायालयाच्या अटी त्याला बांधून असतात आणि एक परिवीक्षा अधिकारी, म्हणजे तेथील बोलीत प्रोबेशन ऑफिसर, त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. या अटींविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेले असते. ज्याला त्या अटींत रोज जगायचे असते त्याचे प्रश्न निराळे असतात. जुन्या मित्राला फोन केला तर चालेल का? त्याच्या घरी जेवायला जाता येईल का? तुरुंगात ज्याने धीर दिला त्याच्याशी आता बोलायचेच नाही का? आणि मित्रालाही काळजी असते, की आपल्यामुळे हा पुन्हा अडचणीत तर येणार नाही ना?

उत्तरे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण खबरदारी म्हणून सगळ्यांशीच संबंध तोडतात. मित्रही, त्याला त्रास नको म्हणून, फोन करायचे थांबतात. ही खबरदारी फार महागात पडते असे माझे ठाम मत आहे. अटी जेवढ्या मना करतात त्याहून कितीतरी अधिक गोष्टी माणूस अटींच्या भीतीने सोडून देतो, आणि ज्यांच्या आधाराने ही वर्षे पार पडू शकली असती ती माणसेच त्यात प्रथम गळतात. म्हणून अटी काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्यांच्या चौकटीत मैत्रीला किती जागा आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

ही व्यवस्था आली कोठून

१९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने शिक्षा देण्याच्या पद्धतीत मोठी सुधारणा करणारा कायदा संमत केला आणि १ नोव्हेंबर १९८७पासून पुढे घडलेल्या संघीय गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद केला. त्यापूर्वी पॅरोल मंडळ कैद्याची वर्तणूक पाहून त्याला मुदतीआधी सोडत असे आणि उरलेली शिक्षा तो बाहेर, देखरेखीखाली पुरी करत असे. नव्या पद्धतीत न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच दोन मुदती ठरवतात, एक तुरुंगातली आणि दुसरी तुरुंगानंतरच्या देखरेखीची. दुसरी मुदत पहिलीतून वजा होत नाही, ती तिच्यापुढे जोडली जाते. महाराष्ट्रातील वाचकाचा येथे घोटाळा होऊ शकतो, कारण आपल्याकडच्या बातम्यांत येणारे पॅरोल आणि फर्लो म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजा होत. रजा संपली की कैद्याला तुरुंगात हजर व्हावे लागते. देखरेखीखालच्या सुटकेत परतीची तारीख नसते. परत जाण्याची वेळ अटी मोडल्या तरच येते.

सर्वांत गंभीर दोन वर्गांतील गुन्ह्यांसाठी ही मुदत सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षे, मधल्या दोन वर्गांसाठी ३ वर्षे आणि त्याखालच्या गुन्ह्यांसाठी १ वर्ष असते. अमली पदार्थांच्या आणि लैंगिक गुन्ह्यांच्या काही कलमांत मात्र किमान मुदत कायद्यानेच ठरवून दिलेली आहे आणि तेथे देखरेख आयुष्यभराचीही असू शकते. आज लाखाहून अधिक माणसे या व्यवस्थेत आहेत. ज्या परदेशी नागरिकांना शिक्षेनंतर मायदेशी पाठवले जाणार असते त्यांच्यावर ती सहसा लादू नये असे शिक्षेसंबंधीची संघीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून तिच्या कक्षेत येणारा मराठी कुटुंबातला माणूस बहुधा अमेरिकेचाच नागरिक असतो, आणि त्याचे काही आप्त न्यू जर्सीत तर काही नाशिक-नागपुरात असतात.

या देखरेखीचा हेतू काय, याबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जॉन्सन’ या प्रकरणात स्पष्टपणे सांगितले, की तिचे उद्दिष्ट पुनर्वसनाचे आहे आणि ते तुरुंगवासाच्या उद्दिष्टाहून वेगळे आहे. जून २०२५मध्ये ‘एस्टेरास’ या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की अटी मोडल्याबद्दल सुटका रद्द करायची की नाही हे ठरवताना मूळ गुन्ह्याबद्दल अद्दल घडवण्याचा हेतू न्यायाधीशांना धरता येणार नाही. हे निकाल वकिलांच्या कामाचे आहेत हे खरे, पण देखरेखीखालच्या माणसानेही ते मनाशी धरून ठेवावेत असे मला वाटते. अधिकारी दारात उभा राहतो तेव्हा आपल्याला अजून शिक्षाच दिली जात आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याची भूमिका मात्र तशी नाही.

आणखी मागे गेले तर या सगळ्या देखरेखीचे मूळ एका माणसाच्या आपुलकीत सापडते. १८४१ साली बॉस्टनमधील जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा कारागीर न्यायालयात बसला होता. दारूच्या व्यसनापायी पकडून आणलेल्या एका माणसाला तुरुंगात धाडले जाणार होते. ऑगस्टस त्याच्याशी बोलला, त्याला जामीन राहिला आणि काही आठवड्यांनी त्याला पुन्हा न्यायालयापुढे घेऊन आला तेव्हा तो माणूस ओळखू येऊ नये इतका सावरलेला होता. १८५९मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टस असा शेकडो माणसांना जामीन राहिला, त्यांना काम शोधून देत राहिला, काहींना स्वतःच्या घरात ठेवत राहिला. १८७८मध्ये मॅसेच्युसेट्सने त्याच्या या कामाला कायद्याचे रूप दिले आणि १९२५मध्ये संघीय सरकारनेही परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा, कायदा केला. ब्रिटनच्या १९०७च्या कायद्याने तर परिवीक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्यच असे लिहिले, की त्याने सल्ला द्यावा, साहाय्य करावे आणि मित्र व्हावे. भारताच्या १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमातही देखरेखीखालच्या माणसाला गरजेनुसार योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. पुढे अधिकाऱ्याच्या हातात नियमभंगाचा अहवालही आला आणि एकाच माणसाकडे आधार देण्याचे आणि चूक कळवण्याचे अशी दोन्ही कामे आली. हा ताण खरा आहे. म्हणूनच निव्वळ आधाराचे काम करणारी माणसे, म्हणजे मित्र, या व्यवस्थेच्या बाहेर असावी लागतात.

रोजच्या अटी आणि मित्रांची ये-जा

प्रत्येकाच्या अटी त्याच्या निकालपत्रात लिहिलेल्या असतात आणि त्या सारख्या नसतात. त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा तो कागद स्वतः वाचणे आणि न समजलेली ओळ वकिलाला किंवा अधिकाऱ्याला विचारणे हे पहिले काम आहे. तरीही बहुतेक निकालपत्रांत आढळणाऱ्या काही अटी मित्रांशी थेट संबंध ठेवणाऱ्या आहेत.

सुटल्यापासून ७२ तासांच्या आत परिवीक्षा कार्यालयात हजेरी द्यावी लागते. आठवड्याला किमान ३० तास काम करावे लागते किंवा काम शोधत असल्याचे दाखवावे लागते. राहण्याची जागा अधिकाऱ्याला मान्य असावी लागते, आणि केवळ पत्ताच नव्हे तर सोबत कोण राहते हेही बदलणार असेल तर शक्य तेथे १० दिवस आधी कळवावे लागते. म्हणजे एखाद्या मित्राने ‘काही दिवस माझ्याकडे येऊन राहा’ असे प्रेमाने म्हटले, तरी आधी फोन अधिकाऱ्याला जायला हवा. पोलिसांनी अडवून चौकशी केली, अगदी मित्राच्या गाडीत बसलेले असताना केली, तरी ७२ तासांत कळवावे लागते. यात लपवण्यासारखे काही नसते. न कळवण्यातून मात्र नवी अडचण उभी राहते.

अधिकारी कधीही, घरी किंवा अन्यत्र, भेटीला येऊ शकतो आणि समोर दिसणारी निषिद्ध वस्तू जप्त करू शकतो. मित्र जेवायला आलेले असताना अशी भेट झाली तर साऱ्यांनाच अवघडल्यासारखे होते. याला उपाय एकच, की मित्रांना ही गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगून ठेवावी. ज्यांना ठाऊक असते ते अधिकाऱ्याला नमस्कार करून पुन्हा गप्पांकडे वळतात. ज्यांना ठाऊक नसते ते घाबरतात आणि पुन्हा येत नाहीत. बंदुकीची अट आपल्याकडच्या वाचकाला दूरची वाटेल, पण अमेरिकेत ती मैत्रीच्या आड फार वेळा येते. देखरेखीखालच्या माणसाला बंदूक बाळगण्यास बंदी असतेच, पण ती हाताशी असण्यासही बंदी असते. म्हणून ज्या मित्राच्या घरात ती आहे त्याच्याकडे मुक्कामाला जाण्याऐवजी त्यानेच भेटायला येणे चांगले. ज्यांच्या अटींत दारूबंदी आहे त्यांच्या मित्रांनी भेटीचे ठिकाण त्या हिशेबाने निवडावे. तेवढे भान मित्राकडून अपेक्षित आहे.

प्रवासाची अट नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. परवानगीशिवाय आपल्या संघीय न्यायालयाच्या जिल्ह्याबाहेर जाता येत नाही. असे जिल्हे ९४ आहेत. अख्खे न्यू जर्सी राज्य एकच जिल्हा आहे, तर कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू यॉर्क यांचे प्रत्येकी चार जिल्हे आहेत. एडिसनमध्ये राहणारा माणूस राज्याच्या दक्षिण टोकापर्यंत गाडी चालवत जाऊ शकतो, पण नदीपलीकडच्या मॅनहॅटनमध्ये मित्राच्या वाढदिवसाला जायचे तर त्याला परवानगी लागते. अशी परवानगी मागणे हा अपवादाचा प्रसंग नसतो, ते अधिकाऱ्याच्या रोजच्या कामातलेच असते. तारीख, ठिकाण, कोणाकडे उतरणार, परत कधी येणार हे लिहून पुरेसे आधी विचारले तर विचार होतो. आदल्या रात्री विचारले तर नकार येण्याची शक्यता वाढते आणि मग माणूस ‘मला काहीच करू देत नाहीत’ असे म्हणू लागतो. लग्नासाठी किंवा आजारी आईला भेटायला भारतात जायचे असेल तर त्यालाही परवानगी हवी, आणि ती मिळवायला अधिक वेळ लागतो हे घरच्यांनी तारखा ठरवतानाच लक्षात घ्यावे.

संगतीची अट

सर्वांत जास्त गैरसमज ज्या अटीविषयी आहेत ती संगतीची अट. तिचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे वाचले पाहिजेत. जो माणूस सध्या गुन्हेगारी कृत्यांत गुंतलेला आहे हे आपल्याला माहीत आहे, त्याच्याशी संपर्क ठेवायचा नाही, हा पहिला भाग. तो सरळ आहे आणि त्यात तडजोडीला जागा नाही. दुसरा भाग असा, की ज्याला ‘फेलनी’च्या, म्हणजे एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरवलेले आहे हे आपल्याला माहीत आहे, त्याच्याशी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जाणूनबुजून संपर्क ठेवायचा नाही. येथे ‘परवानगीशिवाय’ आणि ‘जाणूनबुजून’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. ज्याचा भूतकाळ आपल्याला ठाऊकच नाही अशा माणसाशी बोलल्याने ही अट मोडत नाही, आणि ज्याचा भूतकाळ ठाऊक आहे त्याच्याशी बोलण्याची वाटही बंद नाही, तिच्यावर परवानगीचे दार आहे.

१९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘आर्सिनिएगा विरुद्ध फ्रीमन’ या प्रकरणात याच प्रकारच्या पॅरोलच्या अटीचा अर्थ लावला. एका माणसाचा पॅरोल, तो जेथे काम करत होता तेथे इतरही शिक्षा भोगलेले लोक आहेत, या कारणाने रद्द झाला होता. न्यायालयाने म्हटले, की एकाच मालकाकडे कायदेशीर काम करताना होणारा सहज संपर्क हा या अटीचा भंग मानता येत नाही. पुढच्याच वर्षी ‘मॉरिसी विरुद्ध ब्रूअर’ या प्रकरणात पॅरोलवरच्या माणसाच्या स्वातंत्र्याचे वर्णन करताना न्यायालयाने असा आशय मांडला, की तो नोकरी करू शकतो, कुटुंबीय आणि मित्रांबरोबर असण्यास मोकळा असतो आणि सर्वसामान्य जीवनातील इतर टिकाऊ नाती जोडण्यासही मोकळा असतो. ज्याला वाटते की देखरेख म्हणजे एकटेपणाची शिक्षा, त्याने हा आशय जरूर ध्यानात ठेवावा.

तुरुंगात जुळलेल्या मैत्रीचे दुःख मात्र वेगळे असते. ज्याने पहिल्या वर्षी जेवायला बसताना शेजारी जागा दिली, ज्याच्यासोबत व्यसनमुक्तीच्या बैठका केल्या, ज्याच्यामुळे वाचनाची सवय लागली, तो नेमका फेलनीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असतो. आणि बाहेर आल्यावर जो आपल्याला सर्वांत चांगला ओळखतो त्याच्याशीच बोलण्यास परवानगी लागते. ही अडचण मोठी आहे आणि ती मान्यच केली पाहिजे. पण ‘लागते’ म्हणजे ‘मिळत नाही’ असा अर्थ कोणी काढू नये. विनंती लेखी करावी. त्या व्यक्तीचे नाव, ओळख कशी झाली, ती सध्या काय काम करते, भेट कोठे आणि कशासाठी होणार, हे सारे खरे खरे लिहावे. एकाच व्यसनमुक्ती गटात जाणे, एकाच चर्चमध्ये किंवा मंदिरात सेवा करणे, एकाच कामावर असणे ही कारणे अधिकाऱ्याला समजतात. परवानगी मिळाली तर तिची लेखी नोंद जवळ ठेवावी. नाही मिळाली तर काही महिने नीट पार पाडून पुन्हा विचारावे. घरातल्याच एखाद्याला, भावाला किंवा चुलत्याला, पूर्वी शिक्षा झालेली असेल तर ते आपणहून आधी सांगावे.

एका बाबतीत मात्र दार पूर्ण बंद असते. गुन्ह्याची झळ ज्या व्यक्तीला बसली तिच्याशी संपर्क करू नये अशी अट असेल, तर मित्रामार्फत निरोप पाठवणे, तिच्या नातलगाला संदेश करणे, क्षमा मागण्यासाठी पत्र लिहिणे यांपैकी काहीही करू नये. हेतू कितीही चांगला असला तरी त्या व्यक्तीची शांतता आधी येते. एखादा मित्र असा निरोप पोहोचवायला तयार झाला तर त्याला आपणच नाही म्हणावे.

समाजमाध्यमांबाबत सरसकट नियम नाही. विशेष अटी वाजवी गरजेपेक्षा अधिक स्वातंत्र्य हिरावणाऱ्या असू नयेत असे कायदाच सांगतो, आणि इंटरनेटवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या अटी वरच्या न्यायालयांनी अनेक प्रकरणांत रद्द केल्या आहेत किंवा मर्यादित केल्या आहेत. २०१७ साली ‘पॅकिंगहॅम’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायना राज्याचा समाजमाध्यम-बंदीचा कायदा घटनाबाह्य ठरवला. पण त्यातला माणूस तेव्हा देखरेखीखाली नव्हता, त्यामुळे तो निकाल येथे जसाच्या तसा लावता येत नाही. ज्याच्या निकालपत्रात इंटरनेटविषयी काहीच लिहिलेले नाही, त्याने नागपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉल करण्यास घाबरण्याचे कारण नाही.

आशा कशाच्या बळावर टिकते

२०११ साली मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६ हजारांहून अधिक कैद्यांची माहिती त्यात तपासली होती. ज्यांना तुरुंगात कोणी ना कोणी भेटायला आले होते, त्यांच्या बाबतीत पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि अटींच्या भंगापायी परत जाण्याची शक्यता २५ टक्क्यांनी कमी आढळली. दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. अटी पाळण्यासाठी वेळेवर पोहोचणे, कोणीतरी गाडीने सोडणे, राहायला जागा असणे, निराशेच्या दिवशी कोणाशी तरी बोलता येणे या गोष्टी लागतात, आणि त्या सगळ्या माणसांकडून येतात.

कामही पुष्कळदा माणसांतूनच येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले, की नोकरीची बातमी फार वेळा जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून कळते, कारण जिवलगांना आपल्याइतकेच ठाऊक असते. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला हे तंतोतंत लागू पडते. लाजेपोटी तो पहिल्यांदा अशाच ओळखी तोडतो: जुना सहकारी, शेजारी, मुलाच्या शाळेतले पालक, महाराष्ट्र मंडळातले लोक. दोन जिवलग टिकले म्हणून समाधान मानण्याऐवजी या सैल ओळखीही हळूहळू पुन्हा जोडाव्यात.

शॅड मारुना या अभ्यासकाने ब्रिटनमधील लिव्हरपूलमध्ये, गुन्ह्याच्या वाटेवरून परतलेल्या आणि न परतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांची आयुष्यकथने ऐकली. दोघांच्याही वाट्याला आलेली गरिबी, व्यसने आणि अपयशे बरीचशी सारखी होती. फरक होता तो स्वतःविषयी ते काय सांगतात यात. न परतलेल्यांच्या बोलण्यात ‘माझे असेच व्हायचे’ हा सूर होता. परतलेल्यांच्या बोलण्यात, आपला मूळ पिंड चांगला आहे आणि भोगलेल्या गोष्टींतून आता दुसऱ्या कोणाला तरी मदत करायची आहे, अशी धारणा होती. आणि पुष्कळदा, जेव्हा स्वतःचा स्वतःवर भरवसा नव्हता तेव्हा कोणीतरी तो ठेवला होता, असेही ते सांगत. आशा एकट्याच्या मनात आपोआप तयार होत नाही, कोणीतरी आधी ती आपल्याविषयी धरावी लागते, हा मला यातून दिसणारा अर्थ आहे.

हे संघटितपणे करता येते का, याचे उत्तर कॅनडात मिळाले. १९९४ साली ऑन्टारिओ प्रांतातील हॅमिल्टन शहरात, मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा भोगलेला एक माणूस पूर्ण मुदत संपवून सुटणार होता. त्याला कोणाचा आधार नव्हता आणि शहरात संतापाचे वातावरण होते. हॅरी नाय या मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथातील पाद्रीने आपल्या लहानशा मंडळीतील काही जणांना सोबत घेऊन त्याच्याभोवती एक गट उभा केला. ते त्याला घर पाहायला, औषधे आणायला मदत करत, त्याच्याशी रोज बोलत आणि त्याच्या वागण्यावर लक्षही ठेवत. त्यातून ‘आधार आणि उत्तरदायित्वाची वर्तुळे’ हा उपक्रम उभा राहिला. चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक एका माणसाला आठवड्यातून एकदा भेटतात आणि त्यांच्यामागे मानसतज्ज्ञ व अधिकारी यांचे दुसरे वर्तुळ असते. त्याची दोन तत्त्वे आहेत: यापुढे कोणी बळी पडू नये, आणि कोणीही माणूस टाकाऊ नाही. पुढे हा उपक्रम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत गेला, आणि तेथील अभ्यासांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटलेले दिसले. स्वयंसेवक त्या माणसाचे लाड करत नाहीत. ‘तू आज असा का बोलतोस’ हे विचारण्याचा हक्क त्यांना सोबत राहण्यातून मिळालेला असतो.

सर्वसाधारण मित्राने एवढे संघटित होण्याची गरज नाही. त्याने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी यावे किंवा फोन करावा. सुटल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत अवघड असतात. त्या काळात देखरेखीखालचा माणूस भेट रद्द करील, फोन उचलणार नाही, आपण ओझे झालो आहोत असे म्हणेल. तेव्हा रागावून दूर होऊ नये. गुन्ह्याची उजळणी करायला लावू नये, पण त्याला बोलावेसे वाटले तर ऐकून घ्यावे. नियम मोडून दाखवण्यात मैत्री मानू नये. ‘कोणाला कळणार आहे’ हे वाक्य मित्राच्या तोंडी शोभत नाही, कारण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. भारतातल्या नातेवाइकांना ‘तो कामात आहे’ असे सांगितले जाते, वर्षे जातात, आणि सुटून आल्यावर कोणाशी काय बोलायचे हेच त्याला कळत नाही. सगळ्यांना सगळे सांगण्याची गरज नाही, पण घराबाहेरच्या दोन-तीन विश्वासू माणसांना खरे सांगितलेले असावे, म्हणजे ज्यांच्यासमोर काही लपवावे लागत नाही अशी माणसे त्याला मिळतात.

आणि चूक झालीच तर? हजेरी चुकली, अमली पदार्थांच्या तपासणीत दोष आढळला, न विचारता जिल्ह्याबाहेर जाणे झाले, तर प्रत्येक वेळी तुरुंगच येतो असे नाही. अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून न्यायाधीश अटी बदलू शकतात, उपचाराला पाठवू शकतात, मुदत वाढवू शकतात. प्रकरण न्यायालयात गेले तर वकिलाचा हक्क असतो, मात्र ज्युरी नसते आणि ‘संशयापलीकडे’ सिद्ध होण्याचीही गरज नसते. आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा अधिक आहे एवढे पटले तरी सुटका रद्द होऊ शकते. म्हणून लपवणे धोक्याचे ठरते. वकिलाशी बोलून चूक आपणहून सांगणाऱ्याची गोष्ट आणि पकडल्या गेलेल्याची गोष्ट न्यायाधीश सारखी ऐकत नाहीत. अशा सुनावणीला मित्राने न्यायालयात येऊन बसणे हे फार मोठे साहाय्य आहे.

ज्याला आशा धरायला तारीख हवी आहे त्याच्यासाठी कायद्यात ती आहे. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, वर्तणूक आणि न्यायाचे हित पाहून, न्यायालय उरलेली देखरेख संपवू शकते. ज्यांच्या गुन्ह्याला किमान मुदत आहे त्यांनी याबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा. शिक्षेसंबंधीच्या संघीय मार्गदर्शक तत्त्वांतील नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या बदलांत तर सुटकेनंतर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करून देखरेख लवकर संपवता येते का हे पाहण्यास न्यायालयांना उत्तेजन दिले आहे. यात काय पाहिले जाते? अटींचे पालन, धोका कमी झाला आहे का, स्वतःचे आयुष्य कायद्याने सांभाळण्याची क्षमता. आणि त्याबरोबरच, देखरेख संपल्यानंतरही माणसाला नीट राहण्यास मदत करतील अशी माणसे आणि अशी कामे त्याच्या आयुष्यात आहेत का, हेही. न्यायव्यवस्थेच्या धोरणातच हा निकष लिहिलेला आहे. ज्या मैत्रीला तो माणूस घाबरून दूर ठेवत होता, तीच येथे त्याच्या बाजूने मोजली जाते.

म्हणून असा अर्ज करायची वेळ आली की मित्राने पत्र लिहावे. ते लांब असण्याची गरज नाही आणि त्यात कायद्याची चर्चा नको. आपण कोण आहोत, याला किती वर्षे ओळखतो, त्याचा गुन्हा आपल्याला ठाऊक आहे, सुटल्यापासून आपण स्वतः काय पाहिले, आणि यापुढे आपण त्याच्यासाठी काय करत राहणार आहोत, एवढे सांगावे. ‘तो फार चांगला माणूस आहे’ यापेक्षा ‘दर शनिवारी आम्ही एकत्र अन्नछत्रात वाढपाचे काम करतो आणि पुढेही करणार आहोत’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते. न पाहिलेले काही लिहू नये. पत्र थेट न्यायाधीशांना न पाठवता वकिलाकडे द्यावे. खासगी वकील परवडत नसेल तर त्या जिल्ह्याच्या संघीय सार्वजनिक बचाव कार्यालयात आधी चौकशी करावी.